बाह्य हार्ड डिस्कवरील संगणकीय बॅकअप : अपयशाची कारणे, निदान व उपाय (विशेष संदर्भ : लोअर परळ व गिरणगाव परिसर)

बीजसंज्ञा : बॅकअप, बाह्य हार्ड डिस्क, फाईल सिस्टीम, युनिकोड, मौखिक इतिहास, गिरणगाव.

प्रस्तावना :

लोअर परळ हा मुंबईचा असा भाग आहे की, जेथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपूर्ण जीवनव्यवस्था बदलली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावत गेली आणि फिनिक्स, कमला, मथुरादास, रघुवंशी या नावांपुढील 'मिल' हा शब्द तेवढा राहून आत मॉल, कार्यालये व उपाहारगृहे आली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींवर आधारित केलेला ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामाचे मोल आज अधिकच जाणवते. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आता सत्तरीच्या आसपास आहे. त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि ती फाईल नष्ट झाली, तर तीच मुलाखत पुन्हा घेता येईलच असे नाही.

इतिहास, समाजशास्त्र वा मराठी विभागातील प्राध्यापकाच्या संगणकात अशा मुलाखतींबरोबरच पीएच. डी.च्या प्रबंधाची प्रकरणे, प्रश्नपेढ्या, अंतर्गत गुणांची पत्रके आणि नॅकला सादर करावयाच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाचे पुरावे असतात. सुरक्षिततेसाठी विभाग बाह्य हार्ड डिस्क खरेदी करतो. पहिला बॅकअप उत्साहाने घेतला जातो. काही दिवसांनी पडद्याच्या कोपऱ्यात 'बॅकअप पूर्ण होऊ शकला नाही' असा संदेश येतो, तो बंद केला जातो आणि डिस्क कपाटात जाते. संगणक बिघडल्यावर ती बाहेर काढली जाते तेव्हा शेवटचा बॅकअप दोन वर्षांपूर्वीचा असल्याचे लक्षात येते. या दोन वर्षांत नेमके काय बिघडलेले असते आणि ते कसे ओळखावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचन प्रामुख्याने विंडोज प्रणालीस धरून केले आहे, कारण महाविद्यालयांतून तीच अधिक प्रचलित आहे.

बॅकअप कशास म्हणावे :

निदानाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही म्हणून फाईली बाह्य डिस्कवर हलविणे म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात प्रत एकच राहते, केवळ तिचे ठिकाण बदलते आणि तेही अधिक नाजूक ठिकाणी. त्याचप्रमाणे दोन ठिकाणच्या फाईली सतत समान ठेवणारी व्यवस्था हाही पूर्ण अर्थाने बॅकअप ठरत नाही. कारण मूळ ठिकाणी चुकून पुसलेली फाईल ती दुसऱ्या ठिकाणाहूनही तितक्याच तत्परतेने पुसते. बॅकअपमध्ये फाईलच्या जुन्या आवृत्त्या काही काळ तरी टिकल्या पाहिजेत. २००७ मध्ये ॲपलने 'टाइम मशीन' व २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर 'फाईल हिस्टरी' ही सुविधा दिली, तिचा गाभा हाच होता.

निदानाची दिशा :

बॅकअप ही एक साखळी आहे. वीज, केबल, पोर्ट, डिस्कचे आवरण, प्रत्यक्ष डिस्क, तिच्यावरील फाईल सिस्टीम, बॅकअपचा प्रोग्राम आणि सरतेशेवटी ती विशिष्ट फाईल अशा कड्या एकापुढे एक येतात. अनुभवी तंत्रज्ञ ही साखळी याच क्रमाने तपासतो. सामान्य वापरकर्ता मात्र शेवटच्या टोकाकडून प्रारंभ करतो, म्हणजे प्रोग्राम काढून पुन्हा टाकतो, प्रसंगी संपूर्ण विंडोज नव्याने बसवून घेतो आणि दोष मात्र दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलमध्ये असतो.

प्रथम पाहावयाचे ते हे की, डिस्क संगणकास दिसते काय. 'धिस पीसी'मध्ये ती दिसत नसली तरी 'डिस्क मॅनेजमेंट' या खिडकीत दिसू शकते. तेथे दिसत असेल तर वीज व केबल यांचे काम बहुधा ठीक चालले आहे आणि दोष पुढच्या कड्यांत शोधावा. कधी कधी डिस्कला अक्षरच मिळालेले नसते, ते देताच ती अवतीर्ण होते. तेथेही दिसत नसेल तर केबल बदलावी, पोर्ट बदलावा आणि संगणक बदलून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर डिस्क सुरू झाली तरी कशामुळे झाली हे कळत नाही.

विजेचा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. अडीच इंची छोटी डिस्क यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर व ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा अशी मानके आहेत. डेस्कटॉपच्या पुढील बाजूचे जुने पोर्ट, लांब केबल, किंवा स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब यांतून पुरेसा प्रवाह मिळतोच असे नाही. त्यामुळे डिस्क दिसते, लहान फाईली घेते आणि मोठ्या बॅकअपच्या मध्यात अचानक नाहीशी होते. 'मध्येच तुटणारा बॅकअप' या तक्रारीत प्रथम डिस्क संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टला, मूळ आखूड केबलने, थेट जोडून पाहावी. तरीही ती तुटत असेल तर विंडोजच्या वीजबचतीच्या पर्यायांत यूएसबी उपकरणे झोपविण्याची जी सोय असते, ती बंद करावी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असतो. तो हरवल्यास दुसऱ्या उपकरणाचा वापरण्यापूर्वी त्यावरील व्होल्ट, अँपिअर व टोकांची दिशा जुळते काय हे पाहणे अनिवार्य आहे.

आता एका लक्षणाविषयी सावधगिरीची सूचना. डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येत असेल, किंवा एरवी क्षणात उघडणारे फोल्डर मिनिट मिनिट घेत असेल, तर डिस्क यांत्रिकदृष्ट्या निकामी होण्याच्या मार्गावर असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी बरेच जण 'चेक डिस्क' ही दुरुस्तीची आज्ञा चालवितात. ती फाईल सिस्टीमची रचना सुधारते, झिजलेले यंत्र नव्हे. उलट तासन्‌तास चालणाऱ्या त्या तपासणीत मरणपंथाला लागलेल्या डिस्कची उरलीसुरली शक्ती खर्च होते. अगोदर महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, दुरुस्ती नंतर. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' असे नाव आहे. ही नोंद वाचणारे निःशुल्क प्रोग्राम उपलब्ध आहेत. त्यात बदली केलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर ती डिस्क बॅकअपसाठी वापरू नये. नोंद निर्दोष असली म्हणून डिस्क निर्दोष असते, असे मात्र नाही.

'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, आता करावयाचे काय?' हा विंडोजचा प्रश्न अनेकांनी पाहिला असेल. त्याचा अर्थ एवढाच की, फाईलींची अनुक्रमणिका प्रणालीस वाचता आली नाही. बहुतेक वेळा फाईली जागेवरच असतात. त्या डिस्कवरील माहितीची दुसरी प्रत नसल्यास होकार देऊ नये.

फाईल सिस्टीम आणि चार जीबीची भिंत :

यानंतरची कडी फाईल सिस्टीमची. बाजारातून आणलेल्या अनेक पेन ड्राइव्ह व काही जुन्या डिस्क 'फॅट-३२' या पद्धतीने आखलेल्या असतात. या पद्धतीत एक फाईल चार जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. डिस्कवर पाचशे जीबी जागा रिकामी असताना 'फाईल फार मोठी आहे' असा संदेश का यावा, या कोड्याचे उत्तर येथे आहे. ध्वनिमुद्रणात ही अडचण सहसा येत नाही, कारण सीडीच्या दर्जाचे तासाभराचे असंकुचित स्टिरिओ मुद्रण सुमारे ६३५ एमबी भरते. परंतु कॅमेऱ्याने घेतलेली, संगणकावर तुकडे जोडून एक केलेली दीड-दोन तासांची मुलाखत ही मर्यादा सहज ओलांडते. संपूर्ण संगणकाची प्रतिमा घ्यावयाची असेल तर विंडोजला 'एनटीएफएस' ही पद्धतच लागते. फॅट-३२ वरून एनटीएफएसवर फाईली न पुसता जाण्यासाठी 'कन्व्हर्ट' ही आज्ञा उपलब्ध आहे. मात्र त्यापूर्वी दुसरी प्रत हाताशी असावी. विभागात मॅक संगणकही असल्यास तो एनटीएफएस डिस्क वाचतो, पण अन्य सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. तेथे 'एक्सफॅट' हा मध्यममार्ग आहे, तथापि त्यात बदलांची रोजनिशी ठेवली जात नसल्याने लिहिणे चालू असता केबल उपटल्यास नुकसानीचा धोका अधिक असतो.

जागेविषयीही दोन शब्द. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. खरी अडचण जुन्या आवृत्त्या साचण्याची असते. 'फाईल हिस्टरी'मध्ये आवृत्त्या कायमच्या ठेवण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. त्यामुळे डिस्क भरते आणि बॅकअप थांबतो. तो पर्याय बदलून एक-दोन वर्षांची मर्यादा घालणे पुरेसे ठरते.

मराठी फाईलींच्या विशेष अडचणी :

इंग्रजीतील मार्गदर्शिकांत या बाबींचा उल्लेख अभावानेच आढळतो, आणि मराठी प्राध्यापकांचे अनेक बॅकअप नेमके येथेच अडतात.

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंतच्या संपूर्ण मार्गाची लांबी परंपरेने २६० चिन्हांपर्यंत मर्यादित आहे. नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा शिथिल करता येते, परंतु प्रत्येक प्रोग्राम ते मानतो असे नाही. आता 'प्रश्नपत्रिका' हा शब्द पाहावा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात प्र, श्न, प, त्रि, का अशी पाच अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्त व प्रत्येक स्वरचिन्ह वेगळे मोजले जाते, म्हणून त्याच शब्दाची तेरा चिन्हे होतात. 'गिरणी कामगारांच्या मुलाखती', त्यात 'लोअर परळ', त्यात 'ना. म. जोशी मार्ग', त्यात पुन्हा 'अंतिम दुरुस्त प्रत' असे फोल्डरांत फोल्डर करीत गेल्यास मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. त्यातच फाईल हिस्टरी प्रत्येक प्रतीच्या नावाला दिनांक व वेळ यांची सुमारे पंचवीस चिन्हांची पुरवणी जोडते आणि बॅकअपच्या फोल्डरांचा स्वतःचा मार्ग निराळाच. परिणामी मूळ ठिकाणी व्यवस्थित उघडणारी फाईल बॅकअपमध्ये जातच नाही आणि तिच्या गैरहजेरीची नोंद कोणी न उघडणाऱ्या लॉगमध्ये पडून राहते. उपाय सोपा आहे. फोल्डरांची नावे एकदोन शब्दांची ठेवावीत, आणि तपशील नावात कोंबण्याऐवजी त्याच फोल्डरमधील एका सूचीत लिहावा. काही जुने झिप प्रोग्राम युनिकोड जाणत नाहीत. त्यांत बांधलेल्या देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात, आणि दोन फाईलींची नावे सारखीच प्रश्नचिन्हे झाली तर उघडताना एक दुसरीवर बसू शकते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकित होत असे. त्यांतील बहुतेक फाँटांमध्ये संगणक प्रत्यक्षात साठवीत होता ती रोमन लिपीची संकेतचिन्हे. देवनागरी रूप केवळ फाँटमुळे दिसे. अशा फाईलीचा बॅकअप अचूक झाला, एकही बिट इकडचे तिकडे झाले नाही, तरी नव्या संगणकावर तो फाँट नसल्यास पडद्यावर अर्थहीन चिन्हांची ओळ उमटते. पेजमेकरमध्ये जुळविलेल्या स्मरणिका व नियतकालिके यांची स्थिती याहून कठीण आहे, कारण पेजमेकरची ७.० ही अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ मधील आहे. एका अर्थी हा बॅकअपचा दोष नव्हे; परंतु ज्यास मजकूर वाचता आला नाही त्यास हा भेद सांगून उपयोग नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच या फाईलींच्या फाँटसह पीडीएफ प्रती काढाव्यात, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मुद्रिताशी ताडून पाहावा (जोडाक्षरे व रफार येथे हमखास बिघडतात), आणि मूळ फाईलीही फाँटासह जपाव्यात.

प्रोग्राम, वेळापत्रक आणि किल्ली :

डिस्क सुस्थितीत असूनही नियोजित बॅकअप होत नसेल, तर कारण बहुधा क्षुल्लक निघते. काल 'ई' असलेली डिस्क मध्ये पेन ड्राइव्ह लावल्याने आज 'एफ' झालेली असते व प्रोग्राम 'ई'च्या शोधात असतो. डिस्क मॅनेजमेंटमधून तिला वर्णमालेतील शेवटचे एखादे अक्षर कायमचे नेमून दिल्यास प्रश्न मिटतो. काही ठिकाणी बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवलेली असते आणि सायंकाळी कार्यालय बंद करताना शिपाई मुख्य बटण बंद करून जातो. तो त्याचे काम चोख करीत असतो. वेळ दुपारच्या सुटीतील असावयास हवी. उघड्या असलेल्या फाईलींची प्रत घेण्यासाठी विंडोजची स्वतंत्र सेवा आहे, परंतु सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असल्यास तीही असमर्थ ठरते.

विंडोज नव्याने बसविल्यावर जुन्या फाईलींना 'प्रवेश नाकारला' असा संदेश येतो, कारण त्यांची मालकी जुन्या वापरकर्त्याच्या नावे राहिलेली असते. प्रशासक म्हणून मालकी बदलून घेता येते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कबाबत अशी सवलत नाही. पासवर्ड विसरल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागतेच, आणि ती किल्ली त्याच डिस्कवरील फाईलीत लिहून ठेवणारेही आढळतात.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत परिचित असलेला 'शॉर्टकट व्हायरस' डिस्कवरील फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. फोल्डर बहुधा शाबूत असतात. विषाणू काढल्यावर 'ॲट्रिब' आज्ञेने ते पुन्हा दृश्यमान करता येतात, फॉरमॅट करण्याचे कारण नाही. खंडणीखोर प्रोग्रामांची गोष्ट निराळी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणक वेठीस धरले तेव्हा ज्यांच्या बाह्य डिस्क संगणकास जोडलेल्या होत्या, त्यांचे बॅकअपही त्याच कुलपाआड जाण्याचा धोका होता. काम संपताच डिस्क सुरक्षितपणे काढून ठेवण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या विभागांत ती प्रणाली अद्याप चालू आहे, त्यांना हे कारण अधिक लागू पडते.

परिसर, पाणी आणि आग :

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला, तर कुलाब्यास अवघा ७३. या दोन आकड्यांच्या मध्ये परळ-लोअर परळचा सखल पट्टा आहे, आणि तेथे पाणी तुंबण्यासाठी त्या दिवसाइतक्या पावसाची गरजही नसते. तळमजल्यावरील कार्यालयात संगणक टेबलाखाली व बॅकअपची डिस्क टेबलाच्या खालच्या खणात असेल, तर दोन्ही प्रती एकाच पाण्यात जातात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज एकाएकी गेली. अशा वेळी यूपीएस नसल्यास चालू लिखाण अर्धवट तुटते. एनटीएफएस आपली रचना सावरून घेते, अर्धवट फाईलचा मजकूर मात्र ती भरून देऊ शकत नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत मनुष्यहानी झालीच, शिवाय शासकीय कागदपत्रेही मोठ्या प्रमाणावर जळाली. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे लोअर परळमधील कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. माणसांच्या मृत्यूपुढे फाईलींची चर्चा गौण आहे. तथापि दाटीवाटीच्या जुन्या आवारात एकाच इमारतीवर सर्व प्रती सोपविणे किती धोक्याचे, हे यावरून कळते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला नियम म्हणूनच उपयुक्त आहे : तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. लोअर परळच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डोंबिवली वा विरारहून येत असेल, तर ते 'अन्य ठिकाण' अनायासेच उपलब्ध असते. प्रत घरी नेताना डिस्क पिशवीच्या तळाशी न ठेवता कापडात गुंडाळून न्यावी; दादरला गाडी बदलणाऱ्यास याचे कारण सांगावयास नको. गुणपत्रकांसारखी गोपनीय माहिती असल्यास डिस्क कुलूपबंद करूनच बाहेर न्यावी.

पुनःप्राप्तीची चाचणी :

बॅकअप झाला असा संदेश येणे आणि बॅकअप असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाईली पिक्सारमध्ये चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, तेव्हा तेथील बॅकअप काही काळापासून नीट होतच नव्हता असे आढळले. गॅलिन सुसमन यांनी घरी काम करण्यासाठी नेलेली प्रत हाती असल्याने काम वाचले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून माहिती पुसली गेल्यावर बॅकअपच्या अनेक पद्धतींपैकी बहुतेक निरुपयोगी ठरल्या. ही तज्ज्ञांची स्थिती. विभागाच्या कपाटातील डिस्कची कोणी तपासणी करीत नाही, हे यात मिळवावे.

चाचणीस विशेष ज्ञान लागत नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी डिस्क दुसऱ्याच संगणकास जोडून त्यावरील पाच-सहा फाईली निवडाव्यात : एक जुनी, एक कालची, एक फार मोठी, एक लांब मराठी नावाची आणि एक जुन्या फाँटमधील. त्या उघडून वाचाव्यात. मुलाखतीची फाईल आरंभी, मध्यावर व शेवटी ऐकून पाहावी, कारण अर्धवट उतरलेली फाईल प्रारंभी निर्दोष वाजू शकते. मूळ फोल्डर व प्रत यांतील फाईलींची संख्या जुळते काय हे 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसते. दिनांक आणि तपासणाऱ्याची स्वाक्षरी विभागाच्या नोंदवहीत करावी. ही वही कागदाचीच असावी आणि डिस्कसोबत एकाच खणात नसावी.

अलीकडे हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेण्याकडे कल आहे. ती पडण्याने सहसा बिघडत नाही व वेगवानही असते. परंतु तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपाने असल्याने ती वीज न देता वर्षानुवर्षे, विशेषतः उष्ण जागी, पडून राहिल्यास भार क्षीण होऊ शकतो. शिवाय तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळण्याची शक्यता पारंपरिक डिस्कच्या तुलनेत फारच कमी असते. पत्र्याच्या कपाटात मे महिना काढणाऱ्या प्रतीसाठी म्हणून साधी फिरती हार्ड डिस्कच घ्यावी, आणि एसएसडी रोजच्या प्रतीसाठी संगणकाजवळ ठेवावी.